ट्राउट, व्हाया शेलूबाजार

वाशीम जिल्ह्यात सोयाबीन होतं, तूर होते, कापूस होतो. ट्राउट होत नाही. भूगोलाचा मास्तर म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांत उभा जन्म काढल्यामुळे एवढं विधान मी छातीठोकपणे करू शकतो. या माशाला बारमाही वाहतं, नितळ आणि मुख्य म्हणजे थंड पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर रेंगाळू लागलं की त्याची भूक मरते, पंचविशीच्या घरात गेलं की तो स्वतःच मरतो. आमच्याकडे वीस अंशांना लोक मफलर शोधतात. मे महिन्यात नळाला येणारं पाणी, येतं तेव्हा, ट्राउट शिजवायला पुरेल. वेगळा गॅस लागायचा नाही.

तरीही दिवाळीला माझा भाचा ट्राउट धरायचं झाडून सगळं सामान घेऊन शेलूबाजारला उतरला.

शेलूबाजार आमच्या मंगरूळपीर तालुक्यात. समृद्धी महामार्गावर चढायची-उतरायची सोय तिथे आहे, म्हणून नागपूरला विमानातून उतरलेला माणूस आता वाशीमला जाण्याआधी शेलूबाजारला चहा पितो. नागपूर-शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. पण त्याच्या आधीची काही वर्षं या पट्ट्याने मोजणीचं पर्व पाहिलं आहे. नळ्या, तिवया आणि टेप घेतलेली माणसं शेतात शिरायची आणि त्यांच्या पाठोपाठ शेताचा भाव चढायचा. ज्यांची जमीन रस्त्यात गेली त्यांनी आधी शिव्या घातल्या आणि मग गाड्या घेतल्या. ज्यांची चार हातांनी वाचली ते अजून नशिबाला बोल लावतात. अशा गावच्या चहाच्या टपरीवर डोक्याला टोपी, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट आणि हातात अडीच फुटी ॲल्युमिनियमची नळी घेऊन माझा भाचा उभा राहिला.

"मोजणी कोणाच्या शिवारात हाय साहेब?" टपरीवाल्याने चहा न मागताच पुढे केला.

"नाही हो काका," भाचा गोड हसून म्हणाला, "मी फक्त नद्या बघायला आलोय."

टपरीवर शांतता पसरली. मग कोपऱ्यातून एकाने हलक्या आवाजात विचारलं, "वैनगंगा-नळगंगा जोडचं काम हाय काय?"

मी त्याला न्यायला गेलो होतो, तिथेच खुलासा करायला हवा होता असं कुणी म्हणेल. पण वऱ्हाडात बातमीला खुलासा लागला की ती दुप्पट पक्की होते. मी गाडीत सामान टाकलं.

भाचा असतो माँटाना राज्यात, बोझमन गावी. गावाभोवती डोंगर, डोंगरांतून नद्या, नद्यांत ट्राउट, आणि ट्राउटपायी कमरेइतक्या पाण्यात उभे राहिलेले डॉक्टर, वकील आणि प्राध्यापक. तिथल्या तीन नद्यांची नावं जेफर्सन, मॅडिसन आणि गॅलाटिन. 1805 मध्ये लुईस आणि क्लार्क ही जोडी सरकारी मोहिमेवर तिथे पोचली आणि तीन नद्यांना त्या वेळचा राष्ट्राध्यक्ष, परराष्ट्रमंत्री आणि अर्थमंत्री यांची नावं देऊन मोकळी झाली. तिघी मिळून मिसुरी नदी होते. आपल्याकडे चौक, पूल, बसस्थानकं सगळी पुढाऱ्यांच्या नावे झाली, नद्या मात्र अजून पुराणकाळच्याच नावांवर आहेत. फेरफार घालायचं कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

"पण मामा, तिथे आता एकांत राहिला नाही," भाचा गाडीत सांगू लागला. 1992 मध्ये रॉबर्ट रेडफर्डने 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' हा चित्रपट काढला. गोष्ट ब्लॅकफूट नदीची, चित्रीकरण बरंचसं गॅलाटिनवर. तो पाहून अर्धी अमेरिका काठी घेऊन माँटानाकडे सुटली. "मागच्या आठवड्यात मी मासा खेळवत होतो, तर पलीकडच्या वळणावर एक माणूस!"

"एक?" मी विचारलं.

"एक. पण लक्ष विचलित होतं ना."

म्हणजे हा मुलगा एकांतासाठी वाशीम जिल्ह्यात आला होता. मी गाडीवाल्या पोराकडे पाहिलं. तो आरशात पाहून हसत होता. आमच्याकडे माणूस विहिरीत उतरला तरी वरून चार जण 'काय सापडलं?' विचारतात.

एक गोष्ट भाच्याने प्रामाणिकपणे सांगितली. ज्या ब्राउन ट्राउटसाठी हा आटापिटा चालतो तो मुळात अमेरिकेचा नव्हेच. त्याची अंडी 1883 मध्ये जर्मनीहून बोटीने तिकडे गेली. आपल्याकडेही गोऱ्या साहेबाने तेच केलं. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने 1863 मध्ये निलगिरीत ट्राउट वसवायचा प्रयत्न केला, तो फसला. 1899 मध्ये काश्मीरसाठी इंग्लंडहून अंडी निघाली, ती वाटेतच गेली. 1900 मध्ये पुन्हा पाठवली, ती जगली. 1909 मध्ये कुलूच्या खोऱ्यात. घरची आठवण आली की आपला माणूस लोणचं मागवतो. साहेब मासा मागवायचा आणि वर त्याला राहायला नदी द्यायचा. साहेब वाशीमलाही होता. गावाला 'बासिम' म्हणायचा, त्याचा जिल्हासुद्धा केला आणि 1905 मध्ये मोडून अकोल्यात टाकला. आम्हाला तो परत मिळायला 1 जुलै 1998 उजाडावा लागला. ट्राउटच्या फंदात मात्र साहेब इथे पडला नाही. थर्मामीटर त्याच्याकडेही होता.

घरी पोचल्यावर नळी उघडली. आतून काठीचे चार तुकडे निघाले, जोडल्यावर नऊ फूट. मग चाकावर गुंडाळलेली नव्वद फूट केशरी दोरी. साध्या गळात आमिषाचं आणि शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं. इथे उलट, आमिषाला वजनच नाही, दोरीच जड, आणि ती मागे-पुढे झुलवत झुलवत त्या बिनवजनाच्या माशीला माशाच्या नाकासमोर ठेवायची. माशी खरी नसते. हुकाला पिसं, केस आणि रेशीम गुंडाळून केलेली असते. भाच्याच्या डबीत अशा पन्नासेक होत्या, प्रत्येकीला नाव. एकीत एल्कचे केस, एकीत फेझंटचं शेपूट, आणि बऱ्याच जणींत आपलं मोरपीस. कोंबड्याच्या मानेची पिसंही लागतात, आणि तिकडच्या दुकानांत ती 'इंडियन नेक' म्हणून मिळतात. हे ऐकल्यापासून आमच्या शेजारच्या कोंबड्याकडे मी आदराने पाहतो. त्याला कल्पना नाही, पण त्याचे भाऊबंद परदेशात सेटल आहेत.

आई जपमाळ घेऊन बाजेवर बसली होती. कार्तिक महिना, घरात माळकरी वातावरण. मी श्वास रोखून धरला.

"मासे मारतं का रे बापू?" तिने विचारलं.

"नाही आजी. धरतो आणि सोडून देतो. एकसुद्धा मारत नाही." माँटानात हे वाक्य म्हटलं की लोक पुण्यवान समजतात.

"मंग खाऊ काय घालतं त्याईले?"

"काही नाही. ही माशी. खोटी आहे."

आईने डबी हातात घेतली, एक माशी उन्हाकडे धरून पाहिली. माझी आई आयुष्यभर एकादशीला कणकेच्या गोळ्या करून पद्मतीर्थावर माशांना घालत आली आहे. ती म्हणाली, "म्हंजे जेवाले बलावतं, ताटात खोटं वाढतं, अन् तोंडाले टोचून घालून देतं. मारलं असतं तरी एक वेळ समजलं असतं."

भाचा गप्प. कॅच-अँड-रिलीजवर इतकी जहरी टीका अमेरिकेतल्या कोणत्याच मासिकात आली नसावी. सकाळी निघताना आईने त्याच्या हातात कणकेच्या गोळ्यांचा डबा दिला: आधी खरं खाऊ घाल, मग काय टोचायचं ते टोच. आता यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात खाण्याचं आमिष लावायला कायद्यानेच बंदी आहे, फक्त नकली चालतं, आणि हुकाला उलटा काटासुद्धा ठेवू देत नाहीत. माशीवाल्याच्या हातात कणीक देणं म्हणजे माळकऱ्याच्या हातात रस्सा देणं. पण आजीला नाही म्हणायची पद्धत अजून बोझमनमध्येही निघालेली नाही. डबा गाडीत आला.

"मामा, जिल्ह्यातली डोंगरी नदी कुठली?" हा प्रश्न विचारला जावा म्हणून मी सेवानिवृत्तीपर्यंत वाट पाहिली होती. वर्गात कुणी विचारला नाही.

सराव म्हणून आधी एकबुर्जी. वाशीम शहराला पाणी पाजणारं हे धरण. अशा तलावांतली मासेमारी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, त्यामुळे आधी संस्थेच्या माणसाला शोधावं लागतं. तो सापडला, चहा झाला, आणि त्याने एकच अट घातली: कतला-रोहूची बोटुकली आमची आहे, धरली तर मोजून परत सोडा. भाच्याने सांगितलं की आम्ही सगळेच परत सोडतो. संस्थेच्या माणसाने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. घरात एखादं असं असतं, या नजरेने.

काठावर उभं राहून भाच्याने दोरी झुलवायला घेतली. मान्य केलं पाहिजे, दृश्य देखणं होतं. केशरी दोरी मागे जाई, हवेत लांब वेलांटी काढी, पुढे येई. अडचण एवढीच की माँटानाच्या नदीकाठी मागे गवत असतं आणि आमच्याकडे बाभूळ. पहिल्या अर्ध्या तासात एल्कवाली, फेझंटवाली आणि दोन मोरपिसवाल्या बाभळीवर जाऊन बसल्या. सुगरणीच्या घरट्यांशेजारी त्या शोभून दिसत होत्या. काटे हे आमच्या जिल्ह्याचं मूळ पीक, सोयाबीन नंतरचं.

एव्हाना बंधाऱ्यावर मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. लोक अदबीने अंतर राखून होते. मासे धरताना पाहायला आलेला वऱ्हाडी माणूस अदबीने उभा राहत नाही, तो कानाशी येऊन 'तिकडं टाका, तिकडं' म्हणतो. यांची अदब वेगळी होती. शेवटी एक जण पुढे आला आणि पाण्यावर तरंगणाऱ्या केशरी दोरीकडे बोट दाखवत म्हणाला, "साहेब, टेपचं तिकडचं टोक धरू काय?"

मी गाडी काढायला सांगितलं.

मालेगावच्या रस्त्यावर एका चढावर मी गाडी थांबवली. भाच्याने गेले दोन दिवस 'कॉन्टिनेंटल डिव्हाइड'चं कौतुक ऐकवून माझे कान किटवले होते. तिकडे रॉकी पर्वतात एक रेषा आहे, तिच्या एका बाजूचा पाऊस मिसुरीतून मेक्सिकोच्या आखाताला जातो आणि दुसऱ्या बाजूचा कोलंबिया नदीतून प्रशांत महासागराला. लोक तिथे फोटो काढतात. मी म्हणालो, "उतर. आपली इथे आहे." काटेपूर्णा या डोंगरांतून उत्तरेला अकोल्याकडे निघते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. पैनगंगा, पूस, अडाण, अरुणावती या उरलेल्या बायका पूर्वेची वाट धरतात आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला जातात. एकाच आभाळातून पडलेल्या दोन थेंबांची या जिल्ह्यात कायमची फारकत होते, आणि इथे ना पाटी आहे, ना वडापावची गाडी. माझा आवाज बहुतेक वर्गातला लागला असावा, कारण गाडीवाला पोरगा नकळत हाताची घडी घालून उभा होता.

त्याने खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि शंका विचारली. "म्हंजे सर, इकडं थुकलो त अरबी समुद्र, अन् तिकडं थुकलो त बंगालचा उपसागर?"

"पावसाळ्यात."

त्याने पावसाळ्याची वाट पाहिली नाही. आधी पश्चिमेला, मग रस्ता ओलांडून पूर्वेला. चाळीस वर्षं शिकवलं, पण पाणलोटाचा धडा कुणी इतका मनावर घेतलेला आठवत नाही.

काटेपूर्णेचं काम पाच मिनिटांत आटोपलं. साग आहे, डोंगर आहे, दगडांवरून खळाळतं पाणी आहे, डोंगरी नदी म्हणावी असा सगळा थाट आहे, आणि तो अभयारण्यात आहे. 1988 पासून. गळ टाकायचा तर आत शिरू नका, असं सांगणाऱ्या वनरक्षकाने आम्हाला अतिशय सौजन्याने परत पाठवलं. यलोस्टोनमध्ये परवाना घेऊन मासे धरू देतात, असं भाच्याने सुचवून पाहिलं. वनरक्षक म्हणाला, "देत असतील. तिकडं अस्वल बी पोज देते म्हणतात." आमचं अस्वल पोज देत नाही. हा फरक लक्षात घेऊन आम्ही रिसोडच्या दिशेने वळलो.

पैनगंगा उगम पावते बुलढाणा जिल्ह्यात आणि रिसोड तालुक्यातून आमच्याकडे येते. शेळगाव राजगुरेच्या जवळ तिला कास नदी मिळते. दिवाळीनंतरची पैनगंगा म्हणजे मधूनमधून डोह, डोहांना जोडणारा पाण्याचा बारीक ओघ आणि दोन्ही अंगांना काळीभोर माती. काठाला कापसाची वेचणी चालू होती. भाच्याने पाणी पाहिलं, गुडघ्याएवढं होतं, आणि तरीही छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली. माँटानातल्या पाण्यात तिच्याशिवाय पाय गारठतात. इथे त्याला घाम सुटला.

त्या विजारीने वेचणी थांबली. एक शेतकरी बांधावरून खाली आला, कापड दोन बोटांत धरून पाहिलं. "पाणी आत जात नाई?"

"थेंबसुद्धा नाही."

"अन् फवारा?"

भाच्याला कळलं नाही, मला कळलं. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारता मारता विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले होते. या भागात माणसं अजूनही बनियनवर फवारतात. किंमत विचारल्यावर भाच्याने डॉलरचे रुपये केले, आणि ते ऐकून शेतकऱ्याने कापड हळूच सोडलं. "मासे धराले एवढं घालता," तो म्हणाला. बोलण्यात टोमणा नव्हता, हिशेब होता.

मग भाच्याने काठ कुणाचा आहे ते विचारलं. माँटानात 1985 पासून कायदा आहे की नेहमीची पाणीरेषा ओलांडून वर गेलं नाही तर कुणाच्याही शेताजवळच्या नदीतून कुणीही चालावं. त्याने सद्भावनेने चौकशी केली: "काका, पावसाळ्यात पाण्याची रेषा कुठपर्यंत वर येते?"

शेतकऱ्याचा चेहरा उतरला. "बुडीतात जाते काय आमचं?"

दहा मिनिटांत नदीकाठी जत्रा जमली. बुडीत किती, मोबदला कसा, पुनर्वसन कुठे, विहीर धरतात का, झाडं मोजणार कोण? कुणी भाच्याला मोसंबीची बाग दाखवायला निघालं, कुणी नुसत्या कुंपणाची विहीर म्हणून नोंद करा म्हणालं. एकांतासाठी आलेला माझा भाचा गुडघाभर पाण्यात दोरी झुलवत होता आणि काठावरचा प्रत्येक माणूस दोरी कुणाच्या शिवारावरून जाते ते डोळ्यांत तेल घालून पाहत होता. दोरी डावीकडे गेली की डावीकडचे आनंदायचे.

या गर्दीत एकच माणूस माशांसाठी आलेला होता. म्हातारा भोई. तो डोहाच्या टोकाला बाभळीच्या सावलीत हाताला दोरी गुंडाळून बसला होता, काठी नाही, चाक नाही. त्याने बराच वेळ भाच्याचं झुलवणं पाहिलं आणि मला विचारलं, "गुरुजी, नदीनं काय केलं याचं? कायले तुतारी हाणून रायला तिले?" बैल हाकायच्या तुतारीशी झालेली ही तुलना मी भाच्याला सांगितली नाही. त्या खेळावर इंग्रजीत फार सुंदर लिहिलं गेलं आहे.

तेवढ्यात काठी वाकली! जत्रा एका क्षणात गप्प झाली. भाच्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी मंत्र म्हणत चाक फिरवलं, दोरी आत घेतली आणि ओला हात करून तळहातावर मासा धरला. तळहाताच्या बाहेर मासा फारसा राहिला नव्हता.

"तिलापी," भोई म्हणाला आणि तोंड फिरवलं.

हीसुद्धा बाहेरचीच. मूळची आफ्रिकेची, भारतात 1952 मध्ये आली, आणि आता नाही असं तळं दाखवा. म्हणजे जर्मन माशाच्या नादाने अमेरिकेत शिकलेला वऱ्हाडी मुलगा पैनगंगेत आफ्रिकन मासा धरत होता. त्याने तिचा फोटो काढला, तिला हळूच पाण्यात सोडलं. काठावरून एक कळवळलेला आवाज आला, "अरे, दे न इकडं, सोडतं कायले!"

ट्राउट नजाकतीचा मासा, हे मला मान्य आहे. भाचा सांगत होता की माँटानात उन्हाळ्यात नदीचं पाणी सलग तीन दिवस तेवीस अंशांच्या आसपास गेलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकायलाच बंदी करतात, ट्राउटला त्रास नको म्हणून. म्हणजे मार्चमध्ये आमच्या शाळा सकाळच्या होतात, तसंच. आमची मरळ मात्र रजा मागत नाही. ती पाण्यावर येऊन सरळ हवेतला श्वास घेते. डोह आटला तर चिखलात तग धरते, आणि वेळ पडली तर ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरं पाणी गाठते. या जिल्ह्यात टिकायचं तर मासा असा हवा. माणसंही साधारण अशीच टिकली आहेत.

भोयाने शेवटी भाच्याची दया येऊन शेवाळाच्या कडेला बोट केलं. तिथे एक बुडबुडा आला होता. भाच्याने हरणाच्या केसांचा बेडूक बांधला आणि, याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे, पहिल्याच झुल्यात तो शेवाळाच्या काठावर असा ठेवला की पाणीसुद्धा हललं नाही. पुढच्या क्षणी पाणी फाटलं, काळं डोकं दिसलं, चाकाने किंकाळी फोडली, टोकाची ती दिसेल न दिसेल अशी तार तुटली, आणि मरळ हरणाचे केस घेऊन परत आपल्या चिखलात गेली. खोटं वाढल्याबद्दल आईचं म्हणणं तिने आपल्या परीने मान्य केलं.

भाचा थरथरत काठावर बसला. मी त्याला धीर देण्यासाठी सोमेश्वर राजा काढला. साहेबांचा आयझॅक वॉल्टन 1653 मध्ये गळाने मासे धरण्यावर पुस्तक लिहितो आणि जग त्याला आद्य गुरू मानतं. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने त्याच्या पाचशे वर्षं आधी 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोदावर लिहून ठेवलंय: मासे कोणते, राहतात कुठे, आमिष काय लावायचं, काठी-दोरी कशी असावी. आणि कल्याणी म्हणजे काही लंडन नव्हे, बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण.

"त्या राजानं बी कणीकच लावली असन," भोई म्हणाला. त्याची नजर मघापासून आईच्या डब्यावर होती. "हे काय तुमच्या कामाचं नाई न?"

त्याने एक गोळी मळून हुकाला लावली, दोन सुट्ट्या पाण्यात टाकल्या, आधी खरं खाऊ घालायचं ही आईची अट त्याला कुणी सांगितलीही नव्हती, आणि दोरी सोडली. आम्ही विजार उतरवून तिची घडी घालेपर्यंत त्याच्या टोपलीत रोहू पडला होता. चांगला हातभर. भाच्याने फोटो काढू का विचारलं. म्हातारा म्हणाला, काढा, पण सोडायचं नाव काढू नका.

परतीला रिसोडच्या बसस्थानकापाशी थांबलो, तर तिथे पैनगंगेवर मोठं धरण होणार असल्याचं आम्हालाच कळलं. वाशीमच्या अलीकडे त्याला अमेरिकेच्या कंपनीचा पैसा लागला होता. घरी पोचलो तेव्हा आमचे एक चुलत मेव्हणे ओसरीवर बसले होते. वाटणीवरून आमच्याशी बोलणं टाकलेला हा माणूस. त्यांनी भाच्याची तब्येत विचारली, अमेरिकेतल्या हवेची चौकशी केली आणि मग, दोरी त्यांच्या साडूच्या शेताकडून फिरली की पलीकडून, हे सहज म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकडा सुटायच्या सुमारास दारात तो बांधावरचा शेतकरी उभा. हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आठ-अ आणि नकाशा. भाच्याने त्याला बसवलं, चहा दिला आणि आपल्या शुद्ध, अमेरिकेत जपून ठेवलेल्या मराठीत सगळं नीट समजावून सांगितलं: धरण नाही, रस्ता नाही, कंपनी नाही. "काका, आम्ही फक्त धरतो. थोडा वेळ बघतो. आणि सोडून देतो."

शेतकऱ्याने बशीतला चहा संपवला.

"हाव, समजलं. आमच्या तळ्याचं बी तसंच केल्लं होतं सरकारनं. सर्वे केला, खुणा गाडल्या, अन् सोडून देल्लं." त्याने पिशवीतून एक कागद काढून भाच्याच्या त्या नळीशेजारी ठेवला. "झेरॉक्स हाय. राहू द्या जवळ. कामात पडन."